दोन चौकी वाड्यातील अग्निसूचना व सुरक्षा यंत्रणा : प्रकल्प नोंदी

१६ जानेवारी २०२४

पुण्याच्या एका जुन्या पेठेतील दोन चौकी वाड्यात अग्निसूचना, अग्निशमन आणि चोरीपासून संरक्षण या तिन्ही यंत्रणा बसवण्याचे काम आजपासून सुरू झाले. वाडा पेशवाईच्या अखेरच्या काळातला, तळमजला अधिक दोन मजले असा असून एका विश्वस्त संस्थेच्या मालकीचा आहे. कौलांचे आणि दर्शनी भागाचे जीर्णोद्धाराचे काम संपले आहे. आतले गिलावे आणि वरच्या मजल्यांचे कडीपाट (लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्या) मात्र अजून उघडे आहेत, आणि आमच्या दृष्टीने हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे. काम पुरे झाल्यावर दिवाणखान्यात प्रदर्शन, दुसऱ्या मजल्यावर अभ्यासिका आणि तळमजल्याच्या कोठीत मोडी कागदपत्रांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, अशी मांडणी ठरली आहे.

संवर्धन वास्तुविशारदांनी पहिल्याच बैठकीत तीन अटी घातल्या. घडीव दगडाला आणि कोरीव लाकडाला भोक पडता कामा नये, जे बसवाल ते पुढच्या पिढीला वास्तूला इजा न करता काढता आले पाहिजे, आणि चौकात उभे राहिलेल्या माणसाच्या नजरेत एकही यंत्र भरता कामा नये. आमची अट एकच होती : कोणताही गिलावा किंवा तक्तपोशी (छताखालचे लाकडी आच्छादन) बंद करण्यापूर्वी ती जागा आम्हाला दाखवावी. ती लेखी मान्य करून घेतली.

लाकडी वाड्यांच्या आगी पुण्याला नव्या नाहीत. शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सात दिवस चालल्याचे सांगतात. आज तेथे उरले आहेत ते तट, दरवाजे आणि दगडी जोती. १८७९ मध्ये बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्याचाही एक भाग आगीत गेला. तिन्ही ठिकाणी दगड राहिला आणि त्यावरचे सागाचे घर गेले. आमचा वाडा त्याच बांधणीचा आहे, हे विश्वस्तांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

५ फेब्रुवारी २०२४

नकाशे हाती आहेत, पण ते खोल्यांचे आहेत. आम्हाला हवा आहे तो पोकळ्यांचा नकाशा, कारण अशा वास्तूत आग खोलीत दिसते तेव्हा ती पुष्कळदा पोकळीतून बरीच पुढे गेलेली असते. म्हणून हा आठवडा विजेरी, आरसा आणि लहान नळीकॅमेरा घेऊन फिरण्यात गेला.

आढळले ते असे. दिवाणखान्याच्या नक्षीदार तक्तपोशीच्या वर आणि मूळ कड्यांच्या खाली वीतभर पोकळी असून ती मधल्या भिंतीवरून सलग पुढच्या सोप्यापर्यंत जाते. कौलांखालचा पोटमाळा दोन्ही चौकांभोवती अखंड आहे, त्यात एकही आडभिंत नाही. भिंतींच्या जाडीतले दोन अरुंद जिने तळमजल्यापासून थेट त्या पोटमाळ्यात उघडतात; धुराच्या दृष्टीने ती दोन धुराडीच आहेत. याखेरीज विसाव्या शतकात कोणीतरी नळ आणि विजेच्या तारांसाठी पाडलेली भोके जागोजागी तशीच उघडी राहिली आहेत.

सागाच्या तुळयांची मला फारशी धास्ती नाही. घन कठीण लाकूड जळताना मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या गतीने कोळसा होत आत जाते, म्हणजे अर्ध्या तासात प्रत्येक उघड्या बाजूने दीड सेंटीमीटर. फूटभर जाडीची तुळई तेवढ्यात खाली येत नाही. धोका आहे तो पातळ फळ्या, जाळीकाम, महिरपींची कोरीव झालर यांना आणि पूर्वीच्या दुरुस्तीत तुळयांच्या आधाराला घातलेल्या लोखंडी गर्डरांना. लोखंड पेटत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, परंतु साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या सुमारास पोलादाची जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असते, आणि खोलीत भडकलेली आग हे तापमान काही मिनिटांत ओलांडते.

२० फेब्रुवारी २०२४

धूर ओळखण्याची पद्धत ठरली. छताला चिकटवायचे नेहमीचे पांढरे डिटेक्टर कार्यालय, अभ्यासिका आणि मागच्या जिन्यात चालतील. दिवाणखाना, पोटमाळा आणि तक्तपोशीवरची पोकळी येथे हवा शोषून तपासणारी यंत्रणा बसवायची. तिची रचना साधी आहे : छिद्रे असलेली नळी पोकळीतून फिरवायची, यंत्रातला पंखा त्या छिद्रांतून सतत हवा ओढतो, आणि ती हवा लेझरच्या कक्षातून जाताना डोळ्याला दिसण्यापूर्वीचा विरळ धूरही टिपला जातो. नळीच्या शेवटच्या छिद्रापासून यंत्रापर्यंत हवा १२० सेकंदांच्या आत पोहोचली पाहिजे, हे गणित नळीची लांबी, वळणे आणि छिद्रांचा व्यास यांवर बसवावे लागते. दिवाणखान्यात छतावर काहीच दिसणार नाही. तक्तपोशीतल्या लाकडी फुलांच्या पाकळ्यांत मुळातच सांधे आहेत. त्यांतल्या काही सांध्यांतून काही मिलिमीटर व्यासाची केशनलिका खाली काढली की पुरते.

उघड्या कडीपाटाच्या खोल्यांत वेगळी अडचण आहे. सपाट छतासाठीचा ठोकताळा सांगतो की छताचा कोणताही बिंदू डिटेक्टरपासून साडेसात मीटरपेक्षा लांब नसावा. पण ब्रिटिश नियमावलीप्रमाणे खोलीच्या उंचीच्या एक दशांशाहून अधिक खाली उतरलेली तुळई ही धुरासाठी भिंतच मानायची असते. आमच्या सोप्याची उंची कमी आणि तुळया जाड, त्यामुळे दोन तुळयांमधला प्रत्येक खण ही स्वतंत्र खोली धरावी लागली आणि डिटेक्टरांची संख्या अंदाजापेक्षा बरीच वाढली. हा खर्च का वाढला हे विश्वस्तांच्या हिशेबनिसांना पटवताना शेवटी उदबत्ती पेटवून धूर खणात कसा कोंडून राहतो ते दाखवले.

११ मार्च २०२४

पाण्याचा प्रश्न. यावर बैठक दिवसभर चालली.

विश्वस्तांपैकी दोघांचा स्प्रिंकलरला ठाम विरोध होता, कारण एक डिटेक्टर वाजला की सगळ्या छतातून पाऊस पडतो असे त्यांनी चित्रपटांत पाहिले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. प्रत्येक तोटीला काचेची स्वतंत्र कुपी असते, लाल रंगाची कुपी ६८ अंशांना फुटते, आणि जिच्याखाली आग आहे तीच तोटी उघडते. नेहमीच्या मापाची तोटी एक बार दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी टाकते. ती नसेल आणि आग वाढल्यावर बंबाच्या नळांनी मारा करावा लागला, तर त्याच्या कित्येक पट पाणी वाड्यात शिरेल, हे मी मांडले.

तरीही नेहमीचे स्प्रिंकलर येथे नकोत असे माझेही मत आहे, आणि त्याचे कारण जमिनीत आहे. वाड्याच्या वरच्या मजल्यांची जमीन म्हणजे कड्यांवर फळ्या, त्यावर मातीची भर आणि वर चुन्याचा कोबा. ही भर १५ सेंटीमीटर धरली आणि तिने आपल्या घनफळाच्या एक तृतीयांश पाणी शोषले, तर प्रत्येक चौरस मीटरवर ५० किलो जादा वजन येते, तेही खालून आगीने अशक्त झालेल्या कड्यांवर. जुन्या घरांत आग विझल्यानंतर मजला बसतो तो यामुळे. म्हणजे विझवण्याच्या साधनाची पहिली कसोटी ही की त्याने कमीत कमी पाण्यात काम भागवावे.

त्यामुळे उच्च दाबाची पाण्याची धुके-फवारणी, म्हणजे वॉटर मिस्ट, निश्चित केली. पाणी शंभर बारच्या आसपास दाबाने अतिसूक्ष्म थेंबांत फुटते, ते थेंब झपाट्याने वाफ होतात, आणि वाफ होताना आकारमान सुमारे १,७०० पट वाढल्याने आगीजवळचा प्राणवायू हटतो आणि उष्णताही शोषली जाते. नळ्या बोटाएवढ्या जाडीच्या, स्टेनलेस स्टीलच्या. त्या कडीच्या आडोशाला लपतात. नळ्यांत एरवी पाणी नसेल. आधी धूर ओळखला गेला पाहिजे आणि मग तोटीची कुपीही फुटली पाहिजे, या दोन्ही गोष्टी घडल्याशिवाय पाणी पडणार नाही, अशी जोडणी केल्यामुळे कोणाच्या शिडीचा धक्का लागून प्रदर्शन भिजण्याचा प्रश्न उरत नाही. विरोध मावळला.

अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी मागच्या जिन्यालगत हायड्रंटची, म्हणजे होज जोडून पाणी घेण्याची, उभी नळी मागितली आणि ती योग्यच आहे. गल्लीत मोठा बंब शिरत नाही. तो हमरस्त्यावर उभा राहणार आणि तेथून होज ओढावे लागणार. पाण्याची टाकी परसात जमिनीखाली बांधायची. वाड्याची विहीर मुख्य साठा म्हणून धरावी अशी सूचना आली होती, परंतु मे महिन्यातली तिची पातळी पाहता ती फक्त पूरक राहील, आणि बंबाला थेट पाणी खेचता यावे म्हणून तिच्या काठाशी सक्शनची जोडणी दिली जाईल.

१८ एप्रिल २०२४

परवा, १६ तारखेला, कोपनहेगनचा सतराव्या शतकातला जुना शेअर बाजार दुरुस्तीचे काम चालू असतानाच पेटला आणि चार मगरसदृश ड्रॅगनांच्या शेपट्यांचा पीळ असलेला त्याचा मनोरा कोसळला. इमारतीभोवती परांची होती. कामगारांना दाखवण्यासाठी सकाळी त्याची छायाचित्रे छापून भिंतीवर लावली.

जीर्णोद्धाराचा काळ हाच वास्तूच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ असतो, याची उदाहरणे पुष्कळ आहेत. इंग्लंडमधील अपपार्क हे घर ३० ऑगस्ट १९८९ रोजी छपरावरच्या शिशाच्या कामातून पेटले. ग्लासगोच्या कला विद्यालयाची मॅकिंटॉश इमारत २३ मे २०१४ रोजी जळाली तेव्हा तेथे धुके-फवारणीची यंत्रणा बसवण्याचे काम अर्धवट होते. दुरुस्ती चालू असताना १५ जून २०१८ रोजी ती पुन्हा पेटली आणि यावेळी जवळजवळ सगळीच गेली. यंत्रणा खरेदी केली म्हणजे संरक्षण मिळाले असे नव्हे, हे ज्या कोणाला पटत नसेल त्याला ग्लासगो सांगावे.

यासाठी आजपासून नियम कडक केले. वाड्याच्या आत वेल्डिंग, गॅस कटर आणि रंग उतरवण्याची हीट गन यांना पूर्ण बंदी. फवारणीच्या नळ्या दाबून बसवायच्या सांध्यांनीच जोडायच्या. ते महाग पडतात, पडू देत. काम चालू असेपर्यंत बॅटरीवरचे बिनतारी डिटेक्टर तात्पुरते लावले आहेत आणि ते रोज जागा बदलतात. सुतारांच्या बोळ्यांचा प्रश्न मात्र कोणाच्या ध्यानात नव्हता. जवसाचे तेल लावलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर तेल हवेशी संयोग पावताना तापते आणि ठिणगीशिवाय पेटू शकते. आमच्या सुतार मिस्त्रींनी तीस वर्षांत असे पाहिलेले नव्हते, म्हणून त्यांना ते पटेना. तरी झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी, आणि संध्याकाळी चिंध्या त्यातच, एवढे त्यांनी मान्य केले. चंद्रूस आणि स्पिरिटचे डबे रात्री वाड्याबाहेर.

७ मे २०२४

तारांचे मार्ग. दाखवायच्या नाहीत आणि भिंत कोरायचीही नाही, अशा दुहेरी बंधनात खनिज आवरणाची तांब्याची केबल सोयीची पडते. तांब्याच्या बारीक नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली आणि त्यात वाहक तारा, एवढीच तिची रचना. जळण्यासारखे त्यात काही नाही, उंदीर-घुशी ती कुरतडू शकत नाहीत, आणि वर्षभरात तांबे काळवंडले की सागाच्या कडेला ती दिसेनाशी होते. महाग असल्याने ती फक्त दर्शनी खोल्यांत. इतरत्र कमी धूर करणारी, हॅलोजनविरहित केबल.

भोके केवळ दगडांच्या मधल्या चुन्याच्या सांध्यांतच, हातोडीचा ठोका बंद ठेवून, फिरत्या ड्रिलने घ्यायची. शक्य तेथे ती विसाव्या शतकातली जुनी भोकेच वापरली. त्यांचा असा उपयोग होईल असे फेब्रुवारीत वाटले नव्हते. तार टाकून झाली की उरलेली फट आगीत फुगणाऱ्या लेपाने बंद करायची, म्हणजे एका खोलीतला धूर दुसरीत जाण्याची वाटही त्याच कामात बुजते. सुरूच्या झाडाच्या आकाराच्या लाकडी खांबांवर खिळा नाही. खांबाला चामड्याचे अस्तर लावलेला पितळी पट्टा आवळून त्यावर कॉल पॉइंट, म्हणजे हाताने आगीचा इशारा देण्याचे बटण, बसवला आहे.

१३ जून २०२४

पाऊस सुरू झाला आणि दरवाजांचे सेन्सर वाजू लागले. दारांच्या वरच्या कडेत चुंबकी संपर्क बसवले होते. उन्हाळ्यात त्यांतले अंतर नेमके होते. आता लाकूड फुगले, फळ्या तिरक्या झाल्या, आणि बंद असलेले दारही यंत्राला उघडे वाटू लागले. रुंद अंतर चालणारे संपर्क मागवले आहेत.

हालचाल टिपणाऱ्या सेन्सरांचाही असाच अनुभव. चौक आकाशाला उघडा, त्यामुळे पारवे, वटवाघळे आणि मांजरे हे वाड्याचे नियमित रहिवासी आहेत. उष्णता आणि सूक्ष्मलहरी या दोन्हींनी खात्री झाल्यावरच इशारा देणारे दुहेरी सेन्सर फक्त बंद खोल्यांत ठेवले, आणि चौकाची जबाबदारी कॅमेऱ्यांवर सोपवली. रात्रीच्या अवरक्त प्रकाशाने किडे येतात, किड्यांमागे कोळी येतात आणि भिंगावर जाळी होते. म्हणून कॅमेऱ्यातले दिवे बंद ठेवून चौकातल्या मंद दिव्यावरच चित्र घेणारे कॅमेरे निवडले.

५ ऑगस्ट २०२४

कोठीतल्या मोडी रुमालांवर पाण्याचा थेंबही नको, हा अभ्यासकांचा आग्रह रास्त आहे. तेथे वायूने आग विझवायची. हॅलॉन हा जुना अग्निशामक वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून केव्हाच बाद झाला. एचएफसी-२२७ बाजारात सहज मिळते, पण तापमानवाढीची त्याची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या ३,००० पटींहून अधिक आहे. नायट्रोजन, अरगॉन आणि थोडा कार्बन डाय-ऑक्साइड यांचे मिश्रण निर्धोक, मात्र त्याला नळकांड्यांची मोठी रांग लागते आणि दाब बाहेर जाण्यासाठी भिंतीत झडप पाडावी लागते, जी आम्हाला पाडता येत नाही. त्यामुळे फ्लुरोकीटोन जातीचा, कमी जागेत मावणारा द्रव वायू घेतला.

वायू कोणताही असो, तो सोडल्यावर निदान १० मिनिटे खोलीत टिकला पाहिजे. नाहीतर धुमसणारा रुमाल पुन्हा पेटतो. कोठीच्या दाराला पंखा लावून हवागळती मोजली आणि खोली पार नापास झाली. दाराच्या चौकटीभोवतीची फट अपेक्षित होती. खरी गळती होती भिंतीत गेलेल्या कड्यांच्या टोकांशी, जेथे लाकूड आकसून भोवती बोटभर पोकळी झाली होती आणि ती थेट वरच्या सोप्याच्या जमिनीखाली उघडत होती. म्हणजे ही केवळ वायू निसटण्याची वाट नव्हती. कोठीतली आग वर जाण्याची वाटही हीच होती. गवंड्यांनी चुना आणि तागाचा काथ्या भरून त्या बुजवायच्या, आणि चौकटीला काढता येणारी पट्टी लावायची.

२२ ऑगस्ट २०२४

फेरचाचणीत कोठी उत्तीर्ण झाली. वायू सुटण्यापूर्वी ३० सेकंद भोंगा आणि दाराबाहेर फलक.

९ सप्टेंबर २०२४

गणेशोत्सवामुळे पेठेत सामान आणणे अशक्य, म्हणून काम बंद. मात्र हेच दिवस निरीक्षणाला उपयोगी. वाड्यातल्या देवघराची पूजा जीर्णोद्धारातही खंडित झालेली नाही आणि होणारही नाही, हे विश्वस्तांनी सुरुवातीलाच सांगितले होते. नंदादीप, धूप, कापूर, उदबत्ती : हवा शोषणाऱ्या यंत्रणेला यांतले काहीही पुरेसे आहे. देवघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा डिटेक्टर दिला, नंदादीप दगडी कोनाड्यात काचेच्या हंडीत हलवला, आणि शेजारच्या ओसरीपुरती यंत्रणेची संवेदनक्षमता आरतीच्या वेळेत कमी होऊन नंतर आपोआप पूर्ववत होईल अशी वेळ लावली.

एक पर्याय मी नाकारला : आरतीच्या वेळी त्या भागाची यंत्रणा बंद करण्याची किल्ली पुजाऱ्यांकडे देणे. हाताने बंद केलेली यंत्रणा हाताने चालू करावी लागते आणि ते कधीतरी राहून जाते; शिवाय दिवा लागलेला असतानाच ती बंद असावी, हे तर्कालाही धरून नाही.

२१ ऑक्टोबर २०२४

दिवाळीपूर्वीची कामे. पोटमाळ्याच्या झरोक्यांना आतून तांब्याची बारीक जाळी लावली, कारण आकाशात सुटलेले बाण कौलांवर येऊन पडतात आणि झरोक्यात पारव्यांच्या घरट्यांचे वाळके गवत असते. घरटी काढून झरोके झाडून घेतले.

याच आठवड्यात चोर आणि आग यांच्यातले जुने भांडण मिटवावे लागले. सुरक्षा पर्यवेक्षकांना प्रत्येक दार कुलूपबंद हवे, अग्निशमन अधिकाऱ्यांना प्रत्येक दार किल्लीशिवाय उघडणारे. दिंडी दरवाजाला आतून लाकडी अडसर आहे, तो दोन माणसांशिवाय सरकत नाही. शेवटी असे ठरले की वाडा लोकांसाठी उघडा असेपर्यंत मोठा दरवाजा पूर्ण उघडा, भिंतीला साखळीने बांधलेला राहील. साखळी सुटली तर सगळे इशारे जेथे दिसतात त्या पॅनेलवर सूचना येईल. परसाकडची वाट दुसरी सुटका. तेथे मूळ दाराला हात न लावता आतल्या बाजूला नवी चौकट उभी करून तिला ढकलताच उघडणारा आडवा दांडा दिला. अभ्यासिकेच्या दाराचे चुंबकी कुलूप अग्निसूचना मिळताच किंवा वीज जाताच स्वतः सुटते. रात्री इमारतीत फक्त रखवालदार असतात. त्यांच्या खोलीतून परसाकडे सरळ वाट आहे, म्हणून रात्रीचा अडसर मान्य झाला.

९ डिसेंबर २०२४

पॅरिसचे नोत्र दाम कालपासून पुन्हा प्रार्थनेसाठी खुले झाले. नव्या छपरात धुके-फवारणी बसवली आहे. जुन्या छपरात ती नव्हती. परंतु १५ एप्रिल २०१९ च्या घटनेतला आमच्या कामाचा धडा फवारणीचा नाही. तेथे धूर ओळखणारी यंत्रणा होती आणि तिने वेळेवर इशारा दिलाही. पण त्या इशाऱ्यावरून पहारेकरी दुसऱ्याच माळ्यावर पाहून आला, आणि खऱ्या जागी पोहोचेपर्यंत सुमारे अर्धा तास गेला. तेवढ्यात ओकचे छप्पर हाताबाहेर गेले होते.

आमच्या पॅनेलवर पुरवठादाराने भरून दिलेला मजकूर ‘झोन ४, लूप २, डिव्हाइस ०३१’ असा होता. रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या माणसाला याचा काय उपयोग? दोन्ही रखवालदारांना बरोबर घेऊन वाडा फिरलो आणि प्रत्येक जागेला ते काय म्हणतात तेच लिहून घेतले : ‘मागचा चौक, विहिरीकडचा जिना, वरचा माळा’, ‘दिवाणखाना, तक्तपोशीच्या वर’, ‘कोठी, आतली खोली’. पॅनेल आता हेच देवनागरीत दाखवते, शेजारी नकाशावर तेथे दिवा लागतो, आणि जायची वाट बाणाने दिसते. त्यांतले ज्येष्ठ रखवालदार म्हणाले, “साहेब, आता वाचायलाच नको, दिवा बघून पाय आपोआप वळतील.” एवढ्या सगळ्या सामग्रीत सर्वांत कमी खर्चाचे हे काम, आणि निविदेत त्याला एक ओळही नव्हती. पुढच्या वेळी निविदेतच ते स्वतंत्र कलम म्हणून घालावे, अशी शिफारस विश्वस्तांकडे पाठवली आहे.

२७ जानेवारी २०२५

सराव. जपानमधील होर्युजी मंदिराच्या मुख्य दालनातली प्राचीन भित्तिचित्रे २६ जानेवारी १९४९ च्या आगीत जळाली. पुढच्याच वर्षी तेथे सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा झाला आणि पुढे २६ जानेवारी हा दिवस देशभर मंदिरांतल्या अग्निसरावाचा झाला. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन असल्याने आम्ही एक दिवस पुढे गेलो.

विहिरीकडच्या जिन्याच्या तळाशी निरुपद्रवी चाचणी-धूर सोडला. पहिल्या मजल्यावरच्या डिटेक्टरआधी पोटमाळ्यातल्या नळीने इशारा दिला, म्हणजे भिंतीतल्या जिन्याबद्दलचा फेब्रुवारीतला अंदाज खरा ठरला. जिन्याच्या डोक्यावरची फळीची झडप पूर्वी दोरीने उघडी बांधून ठेवत. तिला आता विद्युतचुंबकाने धरले आहे आणि इशारा मिळताच ती स्वतःच्या वजनाने बंद होते. झडप बंद करून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा धूर जिन्यातच थांबला.

सरावाचा दुसरा भाग वस्तू बाहेर काढण्याचा. कोपनहेगनला आग पेटलेली असताना कर्मचारी आणि रस्त्यावरून जाणारे लोक चित्रे हातांनी बाहेर आणत होते. काय आधी आणायचे हे ठाऊक असेल तरच असे धैर्य फळाला येते. अभ्यासकांनी केलेली पहिली यादी इतकी लांब होती की ती यादीच नव्हती. तिची काटछाट करून एका माणसाला उचलता येईल अशा वस्तू पहिल्या क्रमावर घेतल्या, आणि यादीची मोहोरबंद प्रत अग्निशमन केंद्रात दिली. ती प्रदर्शनात लावणे म्हणजे चोराला मार्गदर्शन, म्हणून वाड्यात ती फक्त पॅनेलच्या कपाटात आहे.

१७ मार्च २०२५

अग्निशमन दलाची अंतिम पाहणी. परसातल्या टाकीच्या झाकणाची रुंदी आणि हायड्रंटजवळच्या होजपेटीची उंची, असे दोन शेरे आले. दोन्ही त्याच आठवड्यात पुरे केले. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये परवानाधारक एजन्सीचे नमुना ‘अ’ प्रमाणपत्र विश्वस्तांना दिले. वारसा समितीच्या सदस्यांनी दिवाणखान्यात उभे राहून यंत्रे कोठे आहेत असे विचारले, तेव्हा वास्तुविशारदांनीच तक्तपोशीतली फुले दाखवली.

७ जुलै २०२५

कायद्याप्रमाणे यंत्रणा सुस्थितीत असल्याचे नमुना ‘ब’ प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा द्यावे लागते. त्यासाठी पहिली पूर्ण तपासणी केली.

चार महिन्यांत दोन खोटे इशारे आले. एकदा वाळवी-प्रतिबंधाच्या फवाऱ्याने, एकदा शेजारच्या घराच्या पाडकामाच्या धुळीने. दोन्ही वेळा रखवालदार नेमक्या जागी पोहोचले. नोंदवहीप्रमाणे त्यांना लागलेला वेळ तीन मिनिटांच्या आत आहे. फवारणीच्या ठेकेदाराला आता आदल्या दिवशी लेखी कळवावे लागेल आणि तेवढ्या भागाची यंत्रणा वेळ ठरवूनच शिथिल होईल. पाडकामाच्या धुळीने हवा शोषणाऱ्या यंत्राची गाळणी अपेक्षेपेक्षा लवकर भरली. तेथे शेजारचे बांधकाम संपेपर्यंत दर महिन्याला गाळणी बदलायची. पोटमाळ्यातल्या नळीची तीन छिद्रे कुंभारमाशीने मातीने लिंपली होती. यंत्राने हवेचा प्रवाह घटल्याची सूचना दिली होती, पण ती आगीच्या इशाऱ्यासारखी मोठ्याने वाजत नाही आणि पॅनेलवर पिवळा दिवा नऊ दिवस तसाच होता. पिवळ्या दिव्याचीही सूचना आता व्यवस्थापकांच्या मोबाइलवर जाईल, आणि छिद्रे साफ करण्यासाठी नळीत उलटी हवा सोडायची जोडणी पोटमाळ्याच्या तोंडाशी दिली आहे.

विहिरीची पातळी पावसानंतर काठापासून चार मीटरवर आहे. सक्शनची चाचणी बंब बोलावून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घ्यायची. दाब-पंपाची बॅटरी ठीक. परसाच्या दाराचा आडवा दांडा पावसाने जड झाला आहे, त्याला तेल देऊन पुन्हा पाहायचे.